प्रीमियरमधून आफ्टर इफेक्ट्समध्ये क्लिप न्यायची: लिंक, कॉपी-पेस्ट की रेंडर?

टाइमलाइनवरची क्लिप म्हणजे व्हिडिओचा कापलेला तुकडा, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिथे फक्त एक निरोप असतो: डिस्कवरची अमुक फाइल उघड, या फ्रेमपासून त्या फ्रेमपर्यंत दाखव, ५० टक्के लहान कर, वेग दुप्पट ठेव, वर हा रंग चढव. एडिटिंगच्या प्रीमियर प्रोमधून अ‍ॅनिमेशन-इफेक्टच्या आफ्टर इफेक्ट्समध्ये (एई) क्लिप नेताना हा निरोप दुसऱ्या सॉफ्टवेअरला सांगायचा असतो. कुठल्या रस्त्याने नेल्यावर निरोपातलं काय गळतं, हे कळलं की निवड फारशी अवघड राहत नाही.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. कट (म्हणजे एडिट) अजून हलतोय, शॉट पाच-सातच आहेत आणि दोन्ही सॉफ्टवेअरवर एकच माणूस एकाच मशिनवर बसलाय, तर डायनॅमिक लिंक, म्हणजे दोन्ही सॉफ्टवेअरमधली थेट जोडणी. कट लॉक झालाय, किंवा शॉट दुसऱ्या माणसाकडे जाणार आहेत, तर हँडलसकट (शॉटच्या दोन्ही टोकांना काही जादा फ्रेम ठेवून) रेंडर, म्हणजे पक्की व्हिडिओ फाइल. कॉपी-पेस्टचा उपयोग एका ठिकाणी खरा आहे: अख्खा माँटाज किंवा टायटलचा भाग एईतच नव्याने बांधायचा असेल तेव्हा. गडबड होते ती सवयीने सगळीकडे लिंकच वापरल्यामुळे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

डायनॅमिक लिंक

टाइमलाइनवर क्लिप निवडा, राइट क्लिक करा, ‘रिप्लेस विथ आफ्टर इफेक्ट्स कॉम्पोझिशन’ म्हणा. एई उघडतं, सीक्वेन्सच्याच (प्रीमियरमधल्या टाइमलाइनच्या) मापाचा आणि फ्रेमरेटचा कॉम्प, म्हणजे एईतली टाइमलाइन, तयार होतो, त्याला सीक्वेन्सच्या नावापुढे ‘लिंक्ड कॉम्प ०१’ असं नाव मिळतं आणि प्रीमियरमधल्या क्लिपच्या जागी तो कॉम्प येऊन बसतो. एईत कीफ्रेम (हालचालीचा ठरवलेला बिंदू) हलवली की प्रीमियरमध्ये बदल दिसतो, मधे रेंडर नाही. लोअर थर्डची (पडद्याखालच्या नावाच्या पट्टीची) जागा ठरवताना किंवा क्लायंट शेजारी बसून ‘जरा डावीकडे, अजून जरा’ म्हणत असताना याला तोड नाही.

अडचणी ‘रिप्लेस’ या शब्दातूनच सुरू होतात. मूळ क्लिप टाइमलाइनवरून जाते. त्याच बैठकीत अनडू चालतो. प्रोजेक्ट बंद करून उघडल्यावर तोही हाताशी नाही. म्हणून पाठवण्याआधी ऑल्ट दाबून क्लिप वरच्या ट्रॅकवर ओढून तिची प्रत करा, वरची पाठवा आणि खालची राइट क्लिक करून ‘एनेबल’ काढून ठेवा. पाच सेकंदांचं काम आहे, आणि पुढे लिंक तुटली किंवा क्लायंटने ‘इफेक्ट नको, साधाच ठेवा’ म्हटलं की खालची क्लिप तयार असते.

दुसरी अडचण लांबीची. कॉम्प क्लिपएवढाच तयार होतो. ५ सेकंदांची क्लिप २५ फ्रेमच्या सीक्वेन्समधून पाठवली तर कॉम्प १२५ फ्रेमचा. नंतर प्रीमियरमध्ये तिच्यावर डिझॉल्व्ह (एक शॉट दुसऱ्यात विरघळणं) टाकायला गेलात की ट्रान्झिशनला खायला फ्रेमच उरत नाहीत. शेवट वाढवायचा असेल तर एईत कंट्रोल-के दाबून कॉम्पची लांबी वाढवा आणि लेअरचा शेवट ओढा, तेवढं जमतं. सुरुवातीला १२ फ्रेम हव्या असतील तर मात्र सगळे लेअर आणि कीफ्रेम पुढे सरकवावे लागतात आणि प्रीमियरमधला कट जागेवरून हलतो. त्यापेक्षा पाठवण्याआधी रिकाम्या ट्रॅकवर क्लिप दोन्ही बाजूंनी १२-१२ फ्रेम लांब करा, लांब झालेलीच पाठवा आणि परत आल्यावर प्रीमियरमध्ये ट्रिम करा.

तिसरी अडचण साधी, पण दिवस खराब करणारी. एई आधीच उघडं असेल तर नवा कॉम्प त्या उघड्या प्रोजेक्टमध्येच जातो. कालच्या क्लायंटचं प्रोजेक्ट उघडं राहिलं असेल तर आजचे शॉट त्यात मिसळतात, आणि महिन्याभराने जुनं फोल्डर उडवलं की आजच्या टाइमलाइनवर ‘मीडिया ऑफलाइन’ची लाल पाटी. पहिला शॉट पाठवण्याआधी एईत नवीन प्रोजेक्ट करून ते प्रीमियरच्या फोल्डरशेजारी सेव्ह करायचं, हे पक्कं करून टाका.

आणि वेग. लिंक असलेला कॉम्प दाखवायला प्रीमियर पडद्यामागे एईकडून एकेक फ्रेम मागतं. साध्या टायटलला हे जाणवत नाही. पार्टिकल, थ्रीडी कॅमेरा, भारी ब्लर असे चार-पाच कॉम्प टाइमलाइनवर आले की प्लेबॅक अडखळतो, दोन्ही सॉफ्टवेअर एकाच रॅमवर ओढाताण करतात आणि शेवटचा एक्स्पोर्ट नेमका डेडलाइनच्या रात्री रांगेत अडकतो. यावर प्रीमियरमध्येच उपाय आहे: कॉम्पवर राइट क्लिक करून ‘रेंडर अँड रिप्लेस’. पक्की फाइल तयार होऊन जागेवर बसते. पुन्हा बदल करायचा झाल्यास ‘रिस्टोअर अनरेंडर्ड’ने लिंक परत मिळते. लिंक वापरायचीच असेल तर प्रत्येक शॉट मंजूर झाला की लगेच हे करत जा, सगळे शॉट शेवटासाठी साठवू नका.

दोन्ही सॉफ्टवेअर एकाच मुख्य आवृत्तीची लागतात, हेही लक्षात असू द्या. चालू कामाच्या मध्यात फक्त एकच अपडेट केलंत तर लिंक रुसते.

कॉपी-पेस्ट आणि प्रोजेक्ट इम्पोर्ट

प्रीमियरमध्ये क्लिप निवडून कंट्रोल-सी, एईत कॉम्प उघडून कंट्रोल-व्ही. प्रत्येक क्लिप वेगळा लेअर होऊन येते, आपापल्या जागी. प्रीमियरला याची काही खबर नसते, त्यामुळे मूळ टाइमलाइनला धक्का लागत नाही. उलट नंतर प्रीमियरमध्ये कट बदलला तर तो एईत येणारही नाही. अख्खा सीक्वेन्स हवा असेल तर एईतल्या इम्पोर्टमध्ये ‘अडोबी प्रीमियर प्रो प्रोजेक्ट’ निवडा, तिथे एकच सीक्वेन्स निवडायची सोय आहे.

निरोपातलं काय पोचतं आणि काय गळतं, ते इथे नीट बघायला मिळतं. जागा, स्केल, फिरवणं, ओपॅसिटी आणि त्यांच्या कीफ्रेम येतात. ब्लेंडिंग मोड येतात. क्रॉप मास्क होऊन येतो. वेग ‘टाइम स्ट्रेच’ होऊन येतो, आणि तिथे आकडा उलटा दिसतो: प्रीमियरमधले २०० टक्के एईत ५० असतात, कारण तिथे वेग नव्हे तर लांबी मोजतात. फ्रेम होल्ड आणि रॅम्प ‘टाइम रिमॅपिंग’ बनतात. अडजस्टमेंट लेअर तसाच येतो, नेस्ट केलेला सीक्वेन्स आतला कॉम्प होतो, कलर मॅट सॉलिड होतो. ट्रान्झिशनपैकी एकटा क्रॉस डिझॉल्व्ह ओपॅसिटीच्या कीफ्रेम होऊन खरा उतरतो. बाकीच्यांच्या जागी नुसते सॉलिड लेअर दिसतात. बार्स अँड टोन येतच नाही. दोन्हीकडे असलेले इफेक्ट, म्हणजे लुमेट्री (रंगसुधारणा), गॉशियन ब्लर वगैरे, येतात. प्रीमियरसाठीच घेतलेला तिसऱ्या कंपनीचा प्लगइन एईत नसेल तर तो इफेक्ट तिथे चालणार नाही.

फसवणारी खरी जागा स्केलची आहे. ३८४० रुंदीची क्लिप १९२० च्या सीक्वेन्समध्ये बसवायला प्रीमियर दोन पर्याय देतं, नावं जवळजवळ सारखी. ‘स्केल टू फ्रेम साइज’ने क्लिप आतल्या आत लहान होते आणि इफेक्ट कंट्रोल्समधल्या ‘मोशन’मध्ये स्केल १०० च दिसतो. ‘सेट टू फ्रेम साइज’ मोशनमध्ये सरळ ५० लिहितं. दुसरा आकडा कीफ्रेमसारखाच एक नंबर आहे, तो एईला समजतो. पहिल्या पर्यायाने बसवलेली क्लिप एईत गेल्यावर झूम होऊन फक्त मधला भाग दिसतोय, डोकं कापलं गेलंय, अशी तक्रार येते ती याचीच. ही चूक लिंकलाही तितकीच लागू आहे. नवा प्रोजेक्ट सुरू करताना प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडिया विभागात डिफॉल्ट स्केलिंग ‘सेट टू फ्रेम साइज’ करून टाका, म्हणजे प्रश्नच मिटला.

वॉर्प स्टॅबिलायझर (हलतं चित्र स्थिर करणारा इफेक्ट) लावलेल्या क्लिप लिंकने किंवा कॉपी-पेस्टने पाठवूच नका असं आम्ही म्हणू. नव्या ठिकाणी विश्लेषण पुन्हा करावं लागतं आणि निकाल तंतोतंत तोच येईल याची खात्री नसते. ऑप्टिकल फ्लोने स्लो केलेल्या शॉटचंही तसंच: फ्रेमच्या मधलं चित्र प्रीमियर एका पद्धतीने बनवतं, एईचं पिक्सेल मोशन दुसऱ्या. अशा क्लिप आधी पक्क्या रेंडर करून मगच न्या.

हँडलसकट रेंडर

पडद्यावरचा मोबाइल बदलायचाय, वायर पुसायचीय, पाठीमागचा बोर्ड काढायचाय, असलं काम असेल तर आमची शिफारस निःसंशय हीच. कारण ट्रॅकिंग (हालचालीचा माग) आणि रोटो (फ्रेमगणिक कापलेला मास्क) प्रत्येक फ्रेमच्या पिक्सेलवर उभे असतात. खालची फाइल हलली, वेग बदलला, तर तासन्तास केलेला मास्क वाया जातो. इथे निरोप पाठवण्याचा प्रश्नच उरत नाही, चित्र पाठवायचं.

प्रीमियरमध्ये सीक्वेन्सची प्रत करा आणि तिच्यात फक्त एईला जाणारे शॉट ठेवा. ग्रेड (रंगकाम), लोगो, सबटायटल बंद करा. रंगकाम शॉट परत आल्यावर करायचं, नाहीतर एकाच चित्रावर दोनदा ग्रेड चढतो. मग ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ उघडा, हा एकच सीक्वेन्स निवडा, ‘कन्सॉलिडेट अँड ट्रान्सकोड’ घ्या, हँडल १२ फ्रेम द्या. मूळ फाइलमधला हवा तेवढा भाग, दोन्ही बाजूंच्या १२ फ्रेमसह, नव्या कोडेकमध्ये (व्हिडिओ साठवायच्या पद्धतीत) निघतो आणि इफेक्ट त्यात भाजले जात नाहीत. वेग बदललेला किंवा स्टॅबिलाइझ केलेला शॉट मात्र या मार्गाने मूळ वेगातच निघेल; तो हाताने इन-आउट लावून एक्स्पोर्ट करा.

कोडेक कोणता? पारदर्शकता नको असेल तर प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स. अल्फा, म्हणजे पारदर्शकता, हवा असेल तर प्रोरेस ४४४४. ४२२ च्या घरातल्या कुठल्याही प्रोरेसमध्ये अल्फा नसतो, आणि एईतून परत पाठवताना हे विसरल्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर टायटल येऊन बसतं. प्रोरेस विंडोजवर बनत नाही हा समज जुना झाला, २०१८ च्या शेवटापासून अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. एच.२६४ मात्र टाळाच. त्यात बऱ्याचशा फ्रेम शेजारच्या फ्रेमच्या आधाराने साठवलेल्या असतात, त्यामुळे एईत टाइमलाइन मागेपुढे करताना प्रत्येक वेळी आधीच्या फ्रेम उलगडाव्या लागतात आणि कडांवर उमटणाऱ्या चौकटी रोटोला त्रास देतात.

जागेचा हिशोब आधीच करून ठेवा. प्रोरेस ४२२ एचक्यू, १९२०×१०८०, २५ फ्रेम: सेकंदाला १८४ मेगाबिट, म्हणजे मिनिटाला साधारण १.४ जीबी. यूएचडीला (३८४०×२१६०) तेच ७३७ मेगाबिट, मिनिटाला साडेपाच जीबी. ५ सेकंदांचा शॉट हँडलसकट १४९ फ्रेमचा होतो. असे १२ शॉट यूएचडीत साडेसहा जीबीच्या आसपास बसतात. पेन ड्राइव्हवर मावणारं काम आहे. अख्ख्या तासाचं फुटेज दुसऱ्याकडे पाठवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

फायलींची नावं रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवा आणि शॉट क्रमांक दहा-दहाने द्या: ०१०, ०२०, ०३०. मधे नवा शॉट आला तर ०१५ ला जागा असते. शेवटी आवृत्ती, व्ही०१, व्ही०२. ‘फायनल’ हा शब्द फाइलच्या नावात नको.

फ्रेमरेट आणि रंग

हे दोन दोष कुठल्याही रस्त्याने गेलात तरी गाठतात.

२३.९७६ च्या फायली २४ च्या कॉम्पमध्ये टाकल्या तर साधारण दर ४२ सेकंदांना एका फ्रेमचा फरक पडतो. छोट्या शॉटवर कळत नाही, गाण्याच्या तालावर कापलेल्या दोन मिनिटांच्या भागात तो फरक तीन फ्रेमपर्यंत जातो. एईत फाइलवर कंट्रोल-ऑल्ट-जी दाबून ‘इंटरप्रिट फुटेज’मध्ये आकडा बघून घ्या. मोबाइलवरच्या चित्रीकरणात फ्रेमरेट मुळातच बदलता असतो. तो हँडब्रेक किंवा शटर एन्कोडरमधून स्थिर करून घेतल्याशिवाय एडिटलाच बसू नका. एडिट झाल्यावर बदलायला गेलात तर सगळे कट सरकतात.

रंगाचं म्हणाल तर आयफोनवरचं एचएलजी (एचडीआर) फुटेज प्रीमियर आपल्या आपण साध्या पडद्याच्या रंगात उतरवून दाखवतं, एईच्या प्रोजेक्टची रंगाची मांडणी वेगळी असेल तर तीच क्लिप तिथे फिकी किंवा भगभगीत दिसते. डोळ्यांनी जुळवत बसू नका. रेंडरच्या मार्गाने रेक. ७०९ मध्ये (साध्या पडद्याच्या रंगात) उतरवलेली फाइल द्या आणि दोन्हीकडे तोच कलर स्पेस ठेवा. एईचं प्रोजेक्ट ८ बिटवर उघडतं; ग्लो, ब्लर किंवा आकाशासारखा उतरता रंग असेल तर प्रोजेक्ट पॅनेलच्या तळाशी असलेल्या आकड्यावर ऑल्ट-क्लिक करून १६ करा, नाहीतर पट्टे पडतात.

मराठी टायटल

लग्नाचे व्हिडिओ, बातम्यांच्या पट्ट्या, संस्थांच्या फिल्म, सगळीकडे हा त्रास आहे. ‘हार्दिक शुभेच्छा’ एईत टाइप केलं की वेलांटी ‘द’च्या उजवीकडे सरकते, रफार खाली उतरून पाय मोडलेला ‘र्’ होतो आणि ‘च्छा’ सुटा पडतो. दोष फाँटचा नाही. एईच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप विभागात टेक्स्ट इंजिन निवडायची सोय दिसत असेल तर ते ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा, सॉफ्टवेअर बंद करून उघडा. प्रीमियरमध्ये हीच सोय ग्राफिक्स विभागात मिळते, आणि ती वेगळी लावावी लागते.

प्रीमियरमध्ये केलेलं टायटल एईत टाइप करण्याजोगं येईल या भरवशावर राहू नका; मजकूर युनिकोडमध्ये कॉपी करून एईत नव्याने लावा. अक्षरागणिक अ‍ॅनिमेशन देण्याऐवजी रेंज सिलेक्टरच्या ‘अडव्हान्स्ड’मध्ये ‘बेस्ड ऑन’ हे ‘वर्ड्स’वर ठेवा, म्हणजे काना-मात्रा अक्षरापासून वेगळ्या उडत येणार नाहीत. फाइल दुसऱ्या मशिनवर जाणार असेल तर शेवटी ‘क्रिएट शेप्स फ्रॉम टेक्स्ट’ करून एक प्रत ठेवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये केलेला मजकूर फाँट नसलेल्या मशिनवर रोमन अक्षरांची खिचडी होऊन उघडतो, तेव्हा ही प्रतच वाचवते.

एकाच साच्यात तीस नावं लावायची असतील तर क्लिप एईत नेण्याचं काही कारणच नाही. एईत एक लोअर थर्ड बनवा, ‘इसेन्शियल ग्राफिक्स’मधून मोशन ग्राफिक्स टेम्प्लेट म्हणून काढा, आणि नावं प्रीमियरमध्ये बदलत जा.

रिझॉल्व्ह आणि फायनल कट वापरत असाल तर

दाविंची रिझॉल्व्हमध्ये २०१८ च्या १५ व्या आवृत्तीपासून फ्यूजन (इफेक्टचं सॉफ्टवेअर) आतच आहे. क्लिप कुठे न्यायचीच नसते, पान बदलायचं. एक गोष्ट मात्र नवख्याला चकवते: एकटी क्लिप फ्यूजन पानावर मूळ मापात उघडते, एडिट पानावर केलेलं झूम किंवा जागाबदल तिथे दिसत नाही, कारण तो नंतर लागतो. टाइमलाइनचं मापच हवं असेल तर क्लिप निवडून ‘न्यू फ्यूजन क्लिप’ करा. नोडची (चौकटी एकमेकींना जोडून इफेक्ट मांडायची) सवय असलेल्याला यापेक्षा सरळ मार्ग नाही. लेअर आणि टेम्प्लेटवर हात बसलेल्याने एका कामासाठी फ्यूजन शिकायला जाऊ नये. त्याने डिलिव्हर पानावर ‘इंडिव्हिज्युअल क्लिप्स’ निवडावं, फ्रेम हँडल १२ द्यावे, ग्रेड बायपास करावा आणि फायली एईत उघडाव्यात.

फायनल कट ७ मध्ये क्लिप सरळ अ‍ॅपलच्या मोशन या ग्राफिक्स सॉफ्टवेअरकडे पाठवता येत होती. २०११ मध्ये आलेल्या फायनल कट एक्समधून तो रस्ता गेला. आता मोशनमध्ये टायटल किंवा इफेक्ट ड्रॉप झोनसह (क्लिप बसवायच्या रिकाम्या जागेसह) बनवून फायनल कटला टेम्प्लेट म्हणून द्यायचा, नाहीतर शॉट प्रोरेसमध्ये काढून न्यायचा.

परत आलेला शॉट तपासताना

रेंडर होऊन आलेली फाइल मूळ क्लिपच्या बरोबर वरच्या ट्रॅकवर ठेवा. सुरुवातीच्या १२ फ्रेम ट्रिम करा. मग वरच्या क्लिपचा ब्लेंड मोड ‘डिफरन्स’ करा. जुळलं असेल तर पडदा काळा होतो आणि फक्त एईत बदललेला भाग उजळ दिसतो. चेहऱ्याच्या, खांबांच्या कडा पांढऱ्या रेघांनी उमटल्या तर एक फ्रेम सरकलीय. क्लिप एका फ्रेमने मागेपुढे करून बघा, रेघा विझतील तिथे थांबा. एईत फ्रेम ० पासून मोजतात की १ पासून, हे प्रोजेक्ट सेटिंगवर ठरतं, आणि ही एका फ्रेमची चूक बहुतेक वेळा तिथूनच येते. सगळा पडदा सारखा राखाडी दिसला तर फ्रेम बरोबर आहे, रंग बदललाय. अल्फा असलेल्या शॉटभोवती काळसर किनार दिसत असेल तर ‘इंटरप्रिट फुटेज’मध्ये अल्फा ‘स्ट्रेट’ आणि ‘प्रीमल्टिप्लाइड’ यांत बदलून बघा.

काळा पडदा मिळाला की ब्लेंड मोड ‘नॉर्मल’वर आणा. खालची क्लिप डिसेबल करा, पुसू नका. व्ही०२ येईल तेव्हा तीच पुन्हा लागते.